मुगलीसरा: १६४४ की १८६७?

"पालिका नव्या इमारतीत गेली, की पहिलं काम एकच करायला हवं. कचेरीसाठी आत जे जे भरलंय ते सगळं बाहेर काढा. फाळण्या, पोटमाळे, मागाहून बसवलेल्या खिडक्या. हकीकत खानानं १६४४ साली बांधलेली सराई लोकांना दिसू द्या."

"आणि १८६७ पासून तिथं बसून ज्यांनी हे गाव चालवलं, ते कोण? चार दिवसांचे मुशाफीर?"

वाद मामा-भाचीचा आहे. मामा मूळचे अमळनेरकडचे, सुरत महापालिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. भाची पुण्याची, जुन्या वास्तूंचे जतन हा तिच्या अभ्यासाचा विषय. सुट्टीत मामाकडे डिंडोलीला आली, की ती जुन्या शहरात पायपीट करते आणि संध्याकाळी मामांशी भांडते. डिंडोली, उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली कुटुंबे इतकी आहेत, की भाजीबाजारात गुजरातीच्या बरोबरीने अहिराणीही कानावर पडते. मराठी वाचकाला सुरत शहर इतिहासाच्या पुस्तकातून भेटते ते तीनदा: शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आणि १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातली फूट. मामा-भाची ज्या इमारतीवरून हमरीतुमरीवर येतात ती यांपैकी पहिल्या घटनेच्याही वीस वर्षे आधीची आहे, आणि आजही रोज सकाळी तिचे दार कामकाजासाठी उघडते.

ही इमारत म्हणजे मुगलीसरा, सुरत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय. सुरतकर "मुगलीसराला जाऊन येतो" म्हणतो तेव्हा त्याचे पालिकेत काम असते. मूळची ही मुसाफिरखान्याची इमारत. उंच कमानीचा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती कमानींच्या ओळी आणि प्रत्येक कमानीमागे उतारूंची खोली. त्या काळच्या पश्चिम हिंदुस्थानातल्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरातले हे एक हॉटेलच होते, असे म्हणायला हरकत नाही. फक्त इथे जागा मिळायची. अंथरूण, भांडी आणि स्वयंपाकाची सोय ज्याची त्याने बघायची. आता रिंग रोडवर, जुन्या सबजेलच्या जागेवर, पालिकेचे नवे उंच मुख्यालय उभे राहते आहे. त्यामुळे जुन्या सराईचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आता केवळ इतिहासप्रेमींच्या गप्पांचा राहिलेला नाही.

भाचीची बाजू दरवाजापासून सुरू होते, कारण तिथे फारसी शिलालेख आहे. "इमारत स्वतःच सांगते, मी शाहजहानच्या काळात हकीकत खानानं बांधलेली सराई आहे. किती जुन्या इमारतींना असं स्वतःच्या तोंडानं बोलता येतं, मामा? बहुतेक ठिकाणी आपण विटांचं माप आणि चुन्याचा पोत बघून अंदाज करत बसतो."

या हकीकत खानाचे मूळ नाव इसहाक बेग यज़्दी. म्हणजे घराणे इराणातल्या यज़्द शहरातले. मुमताज महलच्या आणि तिच्या मागे शाहजादी जहाँआराच्या सरंजामाचा कारभार पाहणारा हा अधिकारी. जहाँआराचा सुरतेशी संबंध नावापुरता नव्हता. 'साहिबी' नावाचे तिचे स्वतःचे जहाज होते. ते व्यापारही करी आणि हाजींनाही नेई. मक्केतल्या गोरगरिबांसाठी त्यातून तांदूळ पाठवण्याची व्यवस्था तिने लावून दिली होती. सराई बांधली गेली त्याच १६४४ साली आग्र्याच्या महालात तिच्या वस्त्रांना दिव्याची ज्योत लागली. ती गंभीर भाजली, कित्येक महिने अंथरुणाला खिळली. ती बरी झाली तेव्हा आनंदाच्या भरात बापाने तिला जे काही दिले, त्यात सुरत बंदराचे उत्पन्नही होते.

मामांना ही हकीकत ठाऊक आहे, पण तिचे दुसरे टोक त्यांना अधिक प्रिय. "आणि तिला बरं केलं तो डॉक्टर इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीतला. गॅब्रिएल बाउटन. त्यानं बक्षीस म्हणून स्वतःसाठी काही न मागता कंपनीसाठी बंगालात व्यापाराची सवलत मागितली. आम्ही शाळेत असताना गुरुजी सांगायचे."

"गुरुजी सांगत असतील, पण तारखा जुळत नाहीत. बाउटन सुरतेहून आग्र्याकडे निघाला १६४५ मध्ये. शाहजादी बरी झाल्याचा जलसा १६४४ च्या अखेरीस होऊन गेला होता. ही गोष्ट इंग्रजांनीच पुढं रचली आणि त्यांच्याच अभ्यासकांनी कागदपत्रं तपासून ती खोडली."

भाची अशा वेळी माघार घेत नाही, आणि ते योग्यच आहे. जुन्या वास्तूभोवती गोड कथा लवकर जमतात आणि एकदा फलकावर चढल्या की उतरत नाहीत. बाउटनची कथा सुरतेच्या इतिहासात शोभून दिसते, म्हणूनच तिच्यापासून सावध राहायला हवे.

सराई नेमकी सुरतेतच आणि एवढी ऐसपैस का लागली, याचे उत्तर वाऱ्यात आहे. उत्तर हिंदुस्थानातला, दख्खनमधला हाजी इथे येऊन जहाज पकडायचा. सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत ते त्यामुळेच. पण तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे सुटत ती ईशान्येचे वारे संपण्याच्या आत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. परत येत ती पावसाळ्याच्या शेवटी, नैऋत्येच्या वाऱ्यावर. एकदा हंगाम चुकला की वर्षभर थांबणे आले. त्यातून मोठी जहाजे तापीतून शहरापर्यंत येत नसत. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा, म्हणून ती सुवालीच्या किनाऱ्याशी नांगर टाकीत आणि माणसे, गाठोडी छोट्या होड्यांतून ये-जा करीत. आज जहाज, उद्या होडी, परवा वारा, असे करत यात्रेकरूचे आणि व्यापाऱ्याचे दिवसच्या दिवस सुरतेत जात. अशा माणसाला पाठ टेकायला जागा हवी, माल ठेवायला कुलूप लागणारी खोली हवी आणि रात्री बंद होणारा एकच भक्कम दरवाजा हवा. सराईचा आराखडा याच तीन गरजांतून आलेला आहे.

सुरतेहून खानदेशाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका सराईचे बोलके वर्णन इंग्रज वकील टॉमस रो याने करून ठेवले आहे. १६१५ साली तो सुरतेहून तापीच्या खोऱ्याने खानदेशातून बुऱ्हाणपूरला गेला. तिथल्या सराईत त्याला ज्या खोल्या मिळाल्या त्या त्याला भट्टीएवढ्याच वाटल्या: विटांच्या, वरून गोलाकार, आत धड वळायलाही जागा नाही. बादशाहच्या भेटीला निघालेल्या वकिलाला हे फार झोंबले.

"बघा मामा, याच वाटेनं तुम्ही आलात. फक्त उलट्या दिशेनं."

मामा यावर खुलले. तापी खोऱ्यातली रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरत-अमळनेर अशी जोडली गेली आणि बैलगाड्यांचा तो जुना रस्ता रुळांवर आला. त्याच रुळांवरून नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे कापडाच्या गावी येत राहिली. "आम्ही आलो तेव्हा एका खोलीत आठजण राहायचो. रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच अंथरुणावर. या गावाला सराईची गरज कधी संपलीच नाही. सरकारी सराई बंद झाली, खासगी चालू राहिली, एवढंच." इमारतीच्या इतिहासात अशा वाक्याला जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

वाद खरा पेटतो तो १६७० वर.

मामांचा आग्रह असा: ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर चालून आले तेव्हा एका सराईतल्या तुर्की आणि इराणी व्यापाऱ्यांनी बंदुकांच्या जोरावर मराठ्यांना रोखून धरले. ती सराई हीच असणार. "पेठेतली भक्कम दगडी सराई दुसरी कोणती? दरवाजावर फलक लावा ना, इथं लढाई झाली म्हणून. महाराष्ट्रातून माणसं बघायला येतील."

इथे पुरावा पुरता समोर ठेवायला हवा. १६७० च्या हल्ल्याचे वर्णन इंग्रजांच्या वखारीच्या पत्रांत आहे. स्ट्रेनशॅम मास्टरने पन्नासेक खलाश्यांनिशी वखार लढवली. फ्रेंचांनी नजराणा देऊन आपली सुटका करून घेतली. 'नव्या सराई'तल्या तुर्कांनी चिवट प्रतिकार केला आणि हल्लेखोरांचे बरेच नुकसान केले. आणि आणखी एक सराई होती, तातारांची. तिथे काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्ला खान उतरला होता, नुकताच मक्केहून परतलेला. त्याच्या माणसांनी दिवसभर झुंज दिली आणि रात्री राजाला घेऊन किल्ल्यात आसरा घेतला. मागे राहिलेले जडजवाहीर, औरंगजेबाकडून मिळालेल्या भेटी, सोन्याचा पलंगसुद्धा मराठ्यांच्या हाती पडला.

"म्हणजे पत्रात दोन सराया आहेत, मामा. आणि दोन्हींपैकी एकीपुढंही हकीकत खानाचं नाव नाही. सव्वीस वर्षांच्या सराईला 'नवी' म्हणतील का? म्हणतीलही. पण एवढ्यावर फलक लावायचा?"

"तातार आणि मुघल एकच की! तिला लोक तातारांची म्हणत असतील, पुढं मुघलांची म्हणायला लागले असतील."

"असतील, असतील. दोनदा 'असतील' आलं की तो पुरावा राहत नाही."

मामा गप्प बसले नाहीत. त्यांनी १६६४ काढले. जानेवारी १६६४ च्या पहिल्या हल्ल्यात मुघल सुभेदार इनायत खान किल्ल्यात दडून बसला आणि शहर वाऱ्यावर पडले, हे सर्वांना माहीत आहे. त्या दिवसांत सुरतेत हबसाणच्या, म्हणजे इथिओपियाच्या, राजाचे दोन वकील उतरले होते: मुराद नावाचा एक आर्मेनियन व्यापारी आणि सिदी कामिल. औरंगजेबासाठी ते गुलाम, घोडे, हस्तिदंत, कस्तुरीसारख्या सुगंधी द्रव्याने भरलेले बैलाचे अवाढव्य शिंग आणि एका पट्टेदार जनावराचे कातडे घेऊन निघाले होते. लुटीत त्यांचे बहुतेक सामान गेले. हे कातडे, म्हणजे झेब्र्याचे, मात्र वाचले आणि दिल्लीत फ्रेंच प्रवासी बर्निए याने ते पाहिले. अशी माणसे, अशा वस्तू मुगलीसराच्या चौकातून गेल्या असतील, हे कल्पनेला सहज पटते. पण कल्पनेला पटणे आणि कागदावर असणे यांत जे अंतर आहे, त्याबाबत भाचीचा हट्ट मान्य करायलाच हवा. सुरतेच्या दोन्ही स्वाऱ्यांना पुराव्याची उणीव नाही. त्यांच्यासाठी एखाद्या इमारतीवर नसलेली आठवण लादण्याचे कारण नाही.

मग सराईचे उतारू गेले कुठे? एका दिवसात गेले नाहीत. तापी गाळाने भरत गेली. कंपनीने आपले बस्तान मुंबईला हलवले. १७५९ मध्ये इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला, १८०० मध्ये नवाबाचा कारभारही स्वतःकडे घेतला. आणि मालक बदलता बदलता बंदर रिकामे होत गेले. १८३७ च्या एप्रिलमध्ये मच्छलीपीठ भागात एका घरात उकळते डांबर पेटले आणि आगीत शहरातली ९,३७३ घरे जळून खाक झाली. त्याच वर्षी तापीला महापूर आला. सुरतेचे धनिक व्यापारी, विशेषतः पारशी घराणी, त्याआधीपासूनच मुंबईची वाट धरत होती; या वर्षाने उरलेल्यांचेही मन उठवले. १८६४ पर्यंत मुंबईपर्यंतची रेल्वे झाली आणि हाजी सुरतेला न थांबता सरळ मुंबई गाठू लागला. पुढे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना उभा राहिला तो याच यात्रेकरूंसाठी. मक्केचा दरवाजा दीडशे मैल दक्षिणेला सरकला.

मधल्या काळात सराईचा तुरुंगही झाला होता. त्यात नवल नाही. चारी बाजूंनी बंद चौक, ओळीने कोठड्या, एकच दार: मुशाफिरांच्या सुरक्षिततेसाठी केलेली रचना कैद्यांसाठीही तितकीच सोयीची होती. भाची ही गोष्ट सांगते तेव्हा तिचा आवाज जरा खाली येतो. मामा मात्र लगेच म्हणाले, "आणि बघ, आता पालिका चाललीय ती जुन्या सबजेलच्या जागेवर. तुरुंगातून तुरुंगात."

सुरतेची नगरपालिका १८५२ ची, १८५० च्या कायद्याखाली स्थापन झालेली. देशातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांपैकी एक. १८६७ मध्ये ती सराईत आली आणि तेव्हापासून तिथेच आहे. १९६६ च्या ऑक्टोबरात तिची महानगरपालिका झाली तेव्हाही मुख्यालय हलले नाही. सराई म्हणून ही वास्तू किती वर्षे नांदली असेल त्याचा हिशेब कोणताही घ्या, कचेरी म्हणून ती दीडशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे. मामांच्या म्हणण्याला इथे धार येते.

"तू दिल्लीचं उदाहरण घे. चांदणी चौकात जहाँआरानं स्वतः सराई बांधली होती. बेगम की सराई."

भाचीला हे उदाहरण मामांच्या तोंडून येईल असे वाटले नव्हते. बर्निएने त्या सराईचे कौतुक करून ठेवले आहे: कमानींनी वेढलेला मोठा चौक, वर सज्जा, इराणी-उझबेक धनिक व्यापाऱ्यांची उतरण्याची जागा, रात्री दारे बंद. १८५७ नंतर इंग्रजांनी ती पाडली. त्या जागी टाउन हॉल उभा राहिला आणि त्यात दिल्लीची नगरपालिका बसली.

"दिल्लीत नगरपालिकेसाठी सराई गेली. सुरतेत नगरपालिका सराईत गेली. म्हणून आज तुला शिलालेख वाचायला दरवाजा शिल्लक आहे. छत गळलं की दुरुस्ती झाली, भिंत फुगली की चुना झाला, कारण खाली माणसं बसून काम करत होती. रिकामी असती तर? सव्वाशे वर्षांत दगड कधीच कुणाच्या तरी घराच्या जोत्यात गेले असते."

हा युक्तिवाद दमदार आहे, आणि जतनाच्या पुस्तकांत त्याला जेवढे स्थान मिळते त्याहून मोठे मिळायला हवे. पंजाबात नूरजहाँने बांधलेली नूरमहलची सराई टिकली, तिच्यातही पोलीस ठाणे आणि शाळा नांदली. वापर वास्तूला ओरखडतो, हे खरे. पण वापर थांबला की ती फार वेगाने ढासळते. दिल्लीच्या त्या टाउन हॉलचेच पाहा. महापालिकेचा कारभार मिंटो रोडच्या सिव्हिक सेंटरमध्ये गेला आणि चांदणी चौकातली ती देखणी इमारत नव्या उपयोगाच्या प्रतीक्षेत रिकामी पडून राहिली. मुगलीसरासाठी हा इशारा थेट लागू पडतो.

"म्हणूनच मी म्हणते, पुन्हा सराई करा." भाचीने इस्फहानचे नाव घेतले. तिथे अठराव्या शतकाच्या सुरुवातीची एक कारवाँसराई मोडकळीला आली होती. विसाव्या शतकाच्या मध्यात तिचे जतन करून हॉटेल झाले; आज ते अब्बासी हॉटेल म्हणून जगभर ओळखले जाते. चौकात बाग, कमानींमागे खोल्या, आणि पूर्वीसारखेच परगावचे पाहुणे. "इमारत ज्या कामासाठी बांधली त्याच कामाला परत आली. याहून प्रामाणिक जतन कोणतं?"

"त्या हॉटेलात आपल्या लिंबायतचा माणूस पाय ठेवू शकेल का?" मामांनी विचारले. "आज तो मुगलीसरात हक्कानं जातो. अर्ज घेऊन, तक्रार घेऊन, भांडायला जातो. इस्फहान करून त्याच्यासाठी दार बंद करणार?"

भाचीकडे याला तयार उत्तर नव्हते. बऱ्याच वेळाने ती म्हणाली की किल्ल्यासारखे करता येईल. सोळाव्या शतकात खुदावंद खानाने बांधलेल्या सुरतेच्या किल्ल्यातही इंग्रजी अमलापासून सरकारी कचेऱ्या होत्या. पालिकेनेच त्याचे जतन करून तिथे संग्रहालय केले. तिकीट काढून कुणीही आत जातो. मामांना संग्रहालय मान्य, पण त्यात काय ठेवणार, यावर पुन्हा ठिणगी पडली. भाचीच्या मनात मुघल बंदर, हजचा प्रवास, वखारी. मामांच्या मनात १९९४.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. त्यात खानदेशी मजूर मोठ्या संख्येने होते. भुसावळकडच्या गाड्या टपावरही भरून सुटल्या. पुढच्या वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी रोज काही तास वातानुकूलित खोलीबाहेर पडून वस्त्यांत उभे राहायचे, कचरा उचलला जातो की नाही ते डोळ्यांनी पाहायचे, असा शिरस्ता त्यांनी घातला. गटारे, रात्रीची झाडलोट, अतिक्रमणे, हॉटेलांची तपासणी. अठरा महिन्यांच्या आसपास सुरत देशातल्या अत्यंत स्वच्छ शहरांत मोजली जाऊ लागली. हे सगळे हुकूम निघाले ते याच कमानींखालून.

"शाहजहानच्या काळात या चौकात कोण उतरलं ते तू शोधून काढ, मी ऐकेन. पण प्लेगनंतर गाव कसं उभं राहिलं, त्याच्या फायली कुठल्या खोलीत लिहिल्या गेल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. तू फाळण्या काढशील तेव्हा ते पहिल्यांदा जाईल. हकीकत खानाचा शिलालेख दगडावर आहे, तो टिकेल. आमचं सगळं कागदावर आणि प्लायवूडवर आहे."

मामांच्या या बोलण्यात मुगलीसराच्या इतिहासाची खरी अडचण सापडते. १६४४ चा थर दगडी आहे, म्हणून आदराने जपला जातो. १८६७ नंतरचा थर तकलादू वस्तूंचा आहे: नोंदवह्या, टेबलांची मांडणी, दारावरच्या पाट्या, कुठल्या खोलीत कोणते खाते होते याची माणसांच्या डोक्यातली माहिती. स्थलांतराच्या धांदलीत आधी जाते ते हेच, आणि एकदा गेले की कोणताही उत्खननकार ते परत आणू शकत नाही. सुरतेला सराई किती प्रिय आहे हे सिद्ध करण्यासाठी पालिकेचा काळ खरवडून काढला, तर वास्तूच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा भाग पुसला जाईल. या मुद्द्यावर तराजू मामांकडे झुकतो.

मुगलीसराचा इतिहास न्यायासनापुढेही मांडला गेला आहे. ही सराई वक्फ म्हणून दान केलेली होती, अशा अर्जावरून गुजरात राज्य वक्फ बोर्डाने २०२१ च्या नोव्हेंबरात तिची वक्फ मालमत्ता म्हणून नोंद करण्याचा आदेश दिला. पालिकेने त्याला आव्हान दिले आणि २०२४ मध्ये वक्फ न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. मामा-भाची या विषयावर फारसे बोलत नाहीत, पण त्यातून एक गोष्ट दोघांनाही ठळकपणे कळली आहे. शिलालेखाचे वाचन, सराई कशासाठी बांधली गेली, कोणत्या साली कोणाच्या ताब्यात होती, या ओळी आता मालकीच्या प्रश्नात पुरावा म्हणून वाचल्या जातात. त्यामुळे फलकावर हौसेने लिहिलेला एक चुकीचा शब्दही उद्या कुणाच्या तरी हातात कागद म्हणून जाऊ शकतो. भाचीच्या "दोनदा असतील" या कडकपणाला यामुळे अधिकच वजन येते.

शेवटी काम ठरले ते असे. नवे मुख्यालय सुरू होण्याआधी इमारतीची मोजणी व्हावी, आहे त्या अवस्थेत. एकही फाळणी हलवण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे नकाशे आणि छायाचित्रे व्हावीत, आणि कोणत्या खोलीत कोणते खाते कधी बसत होते याची नोंद जुन्या कर्मचाऱ्यांकडून घ्यावी. तशी मागणी भाचीने कागदावर उतरवायला घेतली. मामांनी आपल्या काळातले निवृत्त सहकारी कोण कोण हयात आहेत त्यांची यादी करायला सुरुवात केली; त्यातले दोघे अमरोलीला राहतात, एक अमळनेरला परत गेले आहेत. अर्जाच्या पहिल्याच ओळीवर पुन्हा अडले. भाचीने लिहिले, '१६४४ मधील सराईचे दस्तऐवजीकरण'. मामांनी तिच्या हातून पेन घेतले आणि पुढे जोडले, 'व १८६७ पासूनच्या नगरपालिका कार्यालयाचे'. ती म्हणाली, मग तुरुंगही लिहा. मामा थांबले, आणि त्यांनी 'तुरुंग' हा शब्द दोघांच्या मधोमध घातला.